शिशाच्या एकेचाळीस गोळ्या

आमच्या तालुक्याहून ठाणे-कल्याणला माणसं नोकरीला जातात, लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. नुसतं बघायला कुणी जात नाही. मी आणि माझे वडील, आबा, मागच्या महिन्यात तीन दिवस तिकडे गेलो ते बघायलाच. बघायच्या होत्या बंदुकीच्या गोळ्या. जुन्या, शिशाच्या, बोराएवढ्या, एकूण एकेचाळीस. त्या आबांनीच वेचलेल्या आहेत आणि आता कल्याणच्या एका लहानशा संग्रहालयात काचेच्या पेटीत असतात.

आमचं गाव एका किल्ल्याच्या पायथ्याला आहे. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी माणसं जमिनीवर फिरवायची धातुशोधक यंत्रं घेऊन हजर होतील. आबांनी सगळा जन्म त्या डोंगरावर गुरं राखली. पावसाळा सरला की उतारावरची माती वाहून जाते आणि गोळ्या उघड्या पडतात. गावची पोरं त्यांच्या गोट्या खेळायची. आबा मात्र त्या उचलून उपरण्याच्या एका फाडलेल्या पट्टीत बांधून ठेवायचे. एका जागेची एक गाठ. पहिली गाठ दरवाजाखालची, दुसरी टाक्याजवळची, तिसरी बुरुजाच्या पायाशी सापडलेल्यांची, अशा चढणीच्या क्रमाने सात गाठी. आबांना लिहिता-वाचता येत नाही. ती पट्टी खुंटीवर टांगलेली असायची आणि आम्ही भावंडं तिला हसायचो.

मी आठवीत असताना डोंबिवलीचे एक गृहस्थ किल्ला बघायला आले. बँकेत नोकरीला होते, जुन्या हत्यारांचा नाद होता. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायला लागलो. आबांनी त्यांना पट्टी देऊ केली. म्हणाले, "घिऊन जावा सायेब. तिकडं शानी मानसं बगतील." त्यानंतर सर दर दिवाळीला मला पुस्तकांचं पार्सल पाठवत राहिले. दहावीनंतर कुठला फॉर्म भरायचा, इतिहास कुठल्या कॉलेजात चांगला शिकवतात, हे त्यांनीच सांगितलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आज तालुक्याच्या शाळेत शिकवते, त्यात सरांचा वाटा मोठा आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकांनी हे विसरू नये. मी विसरलेले नाही.

यंदा सरांनी आपला सगळा संग्रह त्या संग्रहालयाला दिला आणि माझ्या फोनवर पेटीतल्या कार्डाचा फोटो पाठवला. आबा जेवत होते. मी वाचून दाखवलं, "बंदुकीच्या गोळ्या, शिसे. संख्या एकेचाळीस. ठिकाण, सह्याद्री. शोध व संग्रह..." आणि पुढे सरांचं नाव.

"सह्याद्री म्हंजी कुठं?" आबांनी विचारलं. "सह्याद्री केवढा हाय!"

मी फोटो मोठा करून पाहिला.

"आन माजं नाव?"

"नाही लिहिलेलं."

आबांनी ताट बाजूला सारलं नाही की आवाज चढवला नाही. उरलेली भाकरी खाऊन संपवली आणि म्हणाले, "चल मंग. जाऊन सांगू. म्हाईत नसंल त्यास्नी."

पहिला दिवस : कोपरी

ठाण्यात आबांची धाकटी बहीण राहते, कोपरीला. जुनी बैठी चाळ, दारासमोर तुळस आणि तुळशीला टेकवून ठेवलेली मोटरसायकल. आत्याने दारातच विचारलं, "दादा, मी ऑपरेशनला बोलावलं तेव्हा आला नाहीस. आता गोळ्या बघायला बरा आलास!"

"तुजं आपरेशन कायी पळून चाललं नव्हतं," आबा म्हणाले.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. शेजारी हरीकाका म्हणून कोळी राहतात. वय आबांएवढंच. अजूनही खाडीत जातात. ते पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून शिवत होते. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले होते, जाळं बुडावं म्हणून. आबांनी विचारायच्या आत बोट लावलंच.

"ह्यो गोल हाय," आबा म्हणाले. "बाकीचं चपटं हायती. ह्यो बंदुकीचा."

हरीकाका सुई थांबवून बघायला लागले. "तुमाला कसा कललं? माजे आजाला खारीन गावलेला तो. असले लय गावाचे. आमी भोक पारून जाल्याला लावतो."

"भोक पाडून?" मी विचारलं.

"मग काय, देवारीन ठेवू? मासली धरते ना त्याच्यानी!"

मला हे फार आवडलं. आमच्याकडे मुलं गोट्या खेळायची, इथे मासे धरतात. ज्या गोळीने कुणाचा जीव जायचा तिला इथल्या कोळ्याने कामाला लावलं. मी वहीत टिपून घेतलं.

आबांनी मणी नखाने खरवडला. "ही खाडीच्या चिखलातली हाय. आमच्याकडं मातीवरनं कळतं. दरवाजाखालची माती तांबडी, टाक्यापाशी काळी चिकट, बुरुजाखाली चुना. गोळीच्या बारक्या खड्ड्यांत बसती ती. कितीबी वर्सं जाऊंद्या, निघत न्हाय. गाठी नसत्या बांधल्या तरी म्या सांगितलं असतं, कोंची कुठली."

"निघत नाय?" हरीकाका हसले. "बायकांचे हाती द्या, सगला निघते!"

आत्याही हसली. मी हसले नाही.

कारण आबांच्या गोळ्या मी धुतल्या होत्या. सर दुसऱ्या दिवशी पट्टी न्यायला येणार होते. आबा गुरांमागे गेले होते. असल्या मळक्या चिंधीत शहरातल्या माणसाला वस्तू द्यायची मला लाज वाटली. मी सातही गाठी सोडल्या, गोळ्या चिंचेच्या पाण्यात भिजवल्या, देवाची भांडी घासतात तशा राखेने घासल्या, खड्ड्यांतून दात घासायचा ब्रश फिरवला. मग बिस्किटाच्या डब्यात लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावल्या. वर्गीकरणाचा धडा नुकताच झाला होता. पट्टी चुलीत घातली. सरांनी डबा उघडला आणि म्हणाले, "किती व्यवस्थित मुलगी आहे!" शहरातल्या माणसाने केलेलं ते माझं पहिलं कौतुक. आबांना वाटत राहिलं की सर पट्टी गाठींसकट घेऊन गेले. मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधी कारण वाटलं नाही, आणि कॉलेजात गेल्यावर, आपण काय केलं ते कळल्यावर, धीर झाला नाही.

रात्रीच्या जेवणाला हरीकाकांच्या घरून कोलंबीचं कालवण आलं, कोकम घातलेलं, लालभडक. आबांनी कोलंबी सालासकट चावली. आत्या ओरडली, "दादा, सोलून खातात ती!" आबा म्हणाले, "मंग आदी सांगायचं." मी हसत होते, पण घास घशाखाली उतरत नव्हता.

दुसरा दिवस : ठाकुर्ली

सर आता डोंबिवलीतून ठाकुर्लीला, मुलाने घेतलेल्या नव्या इमारतीत राहायला गेलेत. आठवा मजला. लिफ्टमध्ये आबांनी भिंतीला हात लावून ठेवला होता. दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि शेजारच्या चपलांपासून लांब, जिन्याच्या कडेला नेऊन ठेवल्या.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, अगदी मनापासून केलं होतं. अळूचं फदफदं, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, घरचं श्रीखंड. आमच्याकडे अळू म्हणजे वड्या. पातळ भाजीत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घालतात हे मी त्याच घरात पहिल्यांदा पाहिलं होतं, परीक्षेला राहायला आले होते तेव्हा. काकू आबांना आग्रह करत होत्या, "वाढू का अजून? लाजू नका हं."

जेवण झाल्यावर आबांनी विषय काढला. खुर्चीच्या टोकावर बसून, हात गुडघ्यांवर ठेवून.

"सायेब, त्या कार्डावर माजं नाव ऱ्हायलंय."

सर दचकले नाहीत. उलट हसले. "अहो शिवराम, नावाचं काय घेऊन बसलात? गोळ्या त्याच राहणार. माझ्याकडे नसत्या आल्या तर पोरांनी गटारात घालवल्या असत्या."

"ते हायच. उपकार हायती तुमचं. पर म्या येचल्या व्हत्या."

"माझी हरकत नाही," सर म्हणाले. "पण संग्रहालयाचा नियम आहे. शोधणारा म्हणून नाव लावायचं तर कुठली वस्तू कुठे मिळाली हे दाखवता आलं पाहिजे. नुसतं डोंगरावर मिळाली म्हणून चालत नाही. पुराव्याची गोष्ट असते ही."

'मग तुमचं नाव कुठल्या पुराव्यावर लागलं?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी श्रीखंडाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली.

आबांना मात्र नियम पटला. त्यांचा चेहरा उजळला. "बराबर हाय. म्या दावतो की. एकेचाळीसच्या एकेचाळीस. गाठी हायतीच."

"गाठी?" सरांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयातच भेटायचं ठरलं.

निघताना सर मला गॅलरीत घेऊन गेले. खाली रूळ दिसत होते, पलीकडे नव्या इमारतींच्या परांच्या. हळू आवाजात म्हणाले, "नंदा, तू डबा कसा दिला होतास ते आठवतंय ना? घासूनपुसून, ओळीने लावून."

"हो सर."

"मग त्यांना कशाला आशेला लावतेस? त्यांना ओळखता येणार नाहीत. उद्या सर्वांसमोर बिचाऱ्यांचा पोपट व्हायचा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी काही बोलणार नाही. काळजी करू नकोस."

मी म्हणाले, "थँक्यू सर."

लिफ्ट खाली येईपर्यंत मला कळलं की मी कशाबद्दल आभार मानले. राग आला, पण तोवर सहाव्या, पाचव्या, चौथ्या मजल्याचे आकडे उलटे जात होते आणि आबा म्हणत होते, "चांगला मानूस हाय. लगीच तयार झाला."

तिसरा दिवस : कल्याण

कल्याण स्टेशनबाहेर आम्ही शेअर रिक्षात बसलो. संग्रहालय म्हटल्यावर रिक्षावाल्याने मान वळवली.

"कोणता हॉल? लग्नाचा का?"

"नाही हो, जुन्या वस्तूंचं. म्युझियम."

"असं काय कल्याणला नाहीये मॅडम. मी इथेच जन्मलोय. किल्ला आहे, दुर्गाडी. तिकडे सोडू?"

त्याने तिकडेच सोडलं. दुर्गाडीला आल्याचा आबांना आनंद झाला, पण त्यांनी वर पाहिलंच नाही. पायथ्याशी उतरल्या उतरल्या खाली वाकले आणि पायाने माती सरकवायला लागले. तिथली एक फुलवाली म्हणाली, "काय पडलं काका? चावी का?" आबा ओशाळून उभे राहिले. मग तिनेच आम्हाला रस्ता सांगितला. संग्रहालय तिच्या मुलाच्या शाळेमागे, एका वाचनालयाच्या वर होतं.

दोन खोल्या आहेत. कुणी तिकडे गेलात तर जरूर बघा, हे मी मनापासून सांगते. पहिल्या खोलीत लोखंडी तोफगोळे, गंजून पापुद्रे सुटलेले. दगडी गोळे. बारूद ठेवायची शिंगं. गोळ्या पाडायचा साचा, अडकित्त्यासारखा उघडणारा. महायुद्धातून परतलेल्या कुणा शिपायाने आणलेली पितळी काडतुसं. आणि एक चपटी झालेली शिशाची गोळी, जिच्यावर कापडाची वीण उमटली आहे. कुणाच्या तरी अंगरख्यातून ती गेली असावी, असं कार्डावर लिहिलंय. मी त्या गोळीपुढे खूप वेळ उभी होते.

संग्रहालय सांभाळणाऱ्या सायलीताई माझ्याच वयाच्या. सर आमच्याआधी येऊन बसले होते. आम्ही कशासाठी येतोय ते त्यांनी सांगितलेलं होतं. सायलीताईंनी आमची पेटी उघडली, गोळ्या हिरव्या कापडाच्या तबकात ओतल्या आणि आबांना रबरी हातमोजे दिले.

"हे नगं," आबा म्हणाले. "बोटाला कळायचं कसं?"

"काका, शिसं वाईट असतं अंगाला."

"साठ वर्सं हातात हाय."

शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. पण नंतर साबणाने हात धुवायचे." आणि पेन्सिल, वही घेऊन समोर बसल्या. "एकेक उचला आणि जागा सांगा. मी लिहिते."

आबांनी पहिली उचलली. अर्धवट चपटी होती. "दरवाजाखालची. कोयत्यानं उकरताना पातं लागलं व्हतं. ह्यो बगा वार." खरंच बारीक चीर होती. सायलीताईंचे डोळे चमकले. मग दोन एकमेकींसारख्या, एकाच बाजूने चेपलेल्या. "ह्या बुरुजाखालच्या. एका दगडाच्या फटीत घावल्या." तीन झाल्या.

चौथी गोळी आबांनी उचलली, उजेडाकडे धरली, नखाने खड्डा कोरला. बोट नाकाशी नेलं. खाली ठेवली. पाचवी. सहावी. सातवीला त्यांनी जिभेचं टोक लावलं. सायलीताई "अहो काका!" म्हणाल्या, पण त्यांना ऐकू गेलं नाही. आठवी त्यांनी नुसती तळहातावर ठेवली.

"ह्या धुतल्यात," ते म्हणाले.

त्यांनी वाकून रिकाम्या पेटीत पाहिलं.

"गाठी कुठं हायती?"

"कसल्या गाठी?" सायलीताईंनी विचारलं. आबांनी त्यांना पट्टीचं सांगितलं. जागेची एक गाठ, चढणीच्या क्रमाने सात. सायलीताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "काका, असं कुणी ठेवत नाही हो. आम्हाला इथे येतात त्या पिशवीत भरून. गोल राहिलेल्या गोळ्या म्हणजे बहुतेक भरताना हातून पडलेल्या. चपट्या म्हणजे जाऊन आदळलेल्या. कुठल्या कुठे पडल्या होत्या ते कळलं असतं तर तुमच्या किल्ल्यावर कोण कुठे उभं राहून लढलं, कुठून आत शिरले, सगळं सांगता आलं असतं. कुणी सोडल्या त्या गाठी?"

आबा सरांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज त्या माणसासमोर चढलेला ऐकला. "सायेब, तुमी धुतल्या? एवढी शिकल्याली मानसं तुमी, आन माती धुवून टाकली?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर दुर्गाडीचा फोटो होता, त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, "फार वर्षं झाली शिवराम. काय आठवणार आता."

त्यांनी शब्द पाळला होता. मी आणखी गप्प बसले असते तर जन्मभर पाळला असता, आणि जन्मभर मी त्यांना आबांच्या नावाबद्दल विचारू शकले नसते.

"आबा, मी धुतल्या," मी म्हणाले. "गाठी मीच सोडल्या. पट्टी चुलीत घातली."

आबा माझ्याकडे वळले. सर लगेच मध्ये पडले. "जाऊ द्या हो. लहान होती ती तेव्हा."

"ल्हान कुठली?" आबा म्हणाले. "साळंत जात व्हती की."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

सायलीताईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, तीन तर ओळखल्यात ना? त्या तीन वेगळ्या पेटीत ठेवते. खाली तुमचं नाव. नियमात बसतं."

"नगं."

"आबा, घ्या ना," मी म्हणाले. "तीन तर तीन."

"तीन काढल्या तर अडतीस कुनाच्या?" आबांनी गोळ्या दोन्ही हातांनी तबकात सारख्या केल्या. "एकदम आल्यात, एकदम ऱ्हाऊंद्या. जागा सांगता येत न्हाय तर म्या येचल्या कशावरनं? गोट्या कुनाच्याबी असत्यात. नियम म्हंजी नियम."

सायलीताईंनी मग जुनं कार्ड पेटीतून काढलं. सरांना म्हणाल्या, "सर, तुमच्या नावाआधीचा 'शोध' हा शब्दही काढते. नियम तोच आहे." सर म्हणाले, "काढा, काढा," आणि चष्मा पुसायला लागले. देणगीदार म्हणून त्यांचं नाव राहणारच होतं. ते योग्यच आहे.

नवं कार्ड छपाईला द्यायचं होतं. त्यासाठी छापील रकान्यांचा कागद होता. सायलीताई गोळ्या मोजून परत पेटीत लावत होत्या, म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लिहाल का? एकही रकाना रिकामा नको. छापणारा परत पाठवतो."

मी लिहिलं. वस्तू, बंदुकीच्या गोळ्या. धातू, शिसे. संख्या, एकेचाळीस. देणगीदार, सरांचं पूर्ण नाव. ठिकाण, गोळीवार सांगता येत नव्हतं म्हणून अज्ञात. शेवटचा रकाना शोधणाऱ्याचा होता. आबा माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. सर होते, सायलीताई होत्या, छापणारा रिकामा रकाना परत पाठवणार होता. मी तिथेही अज्ञात लिहिलं.

आबांनी कागद मागितला. हाताला शिसं लागलेलं होतं म्हणून त्यांनी तो धरला नाही. मी समोर धरला. त्यांनी वरून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवर थांबत, वाचल्यासारखा बघितला.

"अक्षर झ्याक हाय तुजं," ते म्हणाले.

तो टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच आवडलं होतं.